लेडीज ड्रेसचे दुकान काढण्यापूर्वी



आमच्या गट ऑफिसमध्ये उसाच्या नोंदीसाठी घरची मंडळी येतात, तेव्हा अलीकडे एक प्रश्न वारंवार निघतो. "साहेब, घरातल्या सूनबाईला लेडीज ड्रेसचं दुकान काढून द्यायचंय. किती पैसे लागतील?" प्रश्न चांगला आहे. उसाचे पैसे वर्षातून ठराविक वेळीच हातात येतात. घरखर्च मात्र रोजचा असतो. रोज चार पैसे आणणारा धंदा घरात असला तर सोसायटीचे कर्ज ओढाताणीत फिरवावे लागत नाही.

परंतु आम्ही दुसरी बाजूही पाहिली आहे. आमच्या कार्यक्षेत्रातील एका भगिनीने मोठ्या हौसेने दुकान थाटले. गिऱ्हाईक भरपूर, बोलणे गोड, माल झकास. दोन वर्षांत दुकान बंद झाले. शेवटी हाती राहिली ती उधारीची वही आणि न खपलेल्या ड्रेसची दोन पोती. धंदा वाईट नव्हता, हिशेब कच्चा होता. म्हणून हा लेख.

भांडवलाची वाटणी

समजा, २ लाख रुपये उभे केले आहेत. पुष्कळ जण त्यातले निम्मे काच, लाइट आणि फर्निचरवर घालतात आणि उरलेल्याचा सगळा माल एकदम भरतात. हे चुकीचे आहे. आमच्या मते ५० हजारांत दुकानाची मांडणी करावी, १ लाखाचा माल घ्यावा आणि ५० हजार हातात राखून ठेवावेत. कोणता माल चालतो हे पहिल्या दोन महिन्यांतच कळते, आणि तो पुन्हा आणायला तेव्हा पैसा लागतो. आरसा मात्र मोठा घ्यावा, आणि कपडे घालून बघायला पडद्याची का होईना, आडोशाची जागा करावी. बाई अंगाला लावून बघितल्याशिवाय ड्रेस घेत नाही.

माल कोठून, कसा

कोल्हापूर-सांगलीकडच्या लोकांना गांधीनगरची घाऊक पेठ जवळची आहे. ड्रेस मटेरियल व सिंथेटिक साड्यांसाठी सुरत, कापडासाठी मुंबईचे मंगळदास मार्केट, तयार कपड्यांसाठी उल्हासनगर ही ठिकाणे व्यापाऱ्यांना ठाऊक आहेत. पहिल्या खेपेला लांब जाऊ नये. स्वस्त मिळाले म्हणून लांबून आणलेला माल गाडीभाडे, हमाली आणि जेवणखाण धरले की महागच पडतो. शिवाय बदलून घ्यायला परत कोण जाणार?

घाऊक व्यापारी कुर्ती बहुधा सेटमध्ये देतो. एकाच रंगाची एम, एल, एक्सएल, डबल एक्सएल, म्हणजे ३८, ४०, ४२ आणि ४४ छातीचे एकेक नग. आपल्याकडे त्यातले दोन साइज लगेच जातात आणि दोन पडून राहतात. कोणता साइज आधी संपतो ते रोज वहीत लिहावे. तीन महिन्यांची अशी वही असली की पुढची खरेदी डोळस होते.

घेताना एक साधी परीक्षा करावी. पांढरा रुमाल ओला करून कापडाच्या आतल्या बाजूला चोळावा. रंग लागला तर तो माल उचलू नये. गावात एका बाईच्या ड्रेसचा रंग गेला की दहा बायकांना ते कळते.

नफा कोठे असतो, कोठे जातो

४०० रुपयांना आणलेला ड्रेस ६०० ला विकला म्हणजे २०० सुटले, असे आपण म्हणतो. ते पूर्ण खरे नाही. असे २० ड्रेस आणले, म्हणजे ८,००० रुपये घातले. त्यातले १५ विकले, ९,००० आले आणि ५ पडून राहिले. हाती नफा फक्त १,००० रुपये. पंधरा नगांनी कमावलेल्या ३,००० पैकी २,००० पाच नगांनी खाल्ले! हेच पाच नग हंगाम संपायच्या आत ३०० रुपयांना काढले असते तर १,५०० परत आले असते आणि नफा २,५०० झाला असता. "घेतल्या भावाच्या खाली कसं विकू?" असे वाटते खरे, पण कपाटात फॅशन जुनी होते, घडीवर डाग पडतो. उभा ऊस वेळेत तुटला नाही तर वजन घटते, तसेच हे आहे.

आता महिन्याचा खर्च धरू. भाडे ४,०००, वीज १,०००, प्रवास-वाहतूक २,०००, पिशव्या व किरकोळ १,०००, आणि दुकानात बसणाऱ्या भगिनीची मजुरी ८,०००. एकूण १६,०००. नगामागे २०० सुटत असतील तर महिन्याला ८० ड्रेस विकले तेव्हा कोठे मेळ बसतो. म्हणजे दिवसाला साधारण तीन. आपल्या गावात तेवढे गिऱ्हाईक आहे का, हे आधी मोजावे. घरच्या बाईची मजुरी हिशेबात धरायची नाही, ही आपली जुनी खोड आहे. ती सोडली पाहिजे.

नुसत्या ड्रेसवर दुकान चालत नाही. परकर, लेगिंग, ओढणी, गाऊन, ब्लाउज पीस हा माल बारमाही खपतो. जोडीला शिलाई मशीन ठेवून फिटिंग, फॉल-पिको सुरू केले तर भाड्याचा भार हलका होतो. मोबाईलवरून घरपोच ड्रेस मागवणाऱ्या मुलीही फिटिंगसाठी आपल्याच दारात येतात.

उधारी

"वहिनी, बिल निघालं की देते," हे वाक्य आपल्या भागात कोणाला चुकले आहे? एकीचा ऊस नोव्हेंबरात तुटतो, दुसरीचा मार्चात. दिवाळीला नेलेल्या ड्रेसचे पैसे पाडव्याला येतात, तेही आले तर. घाऊक व्यापारी तोवर थांबत नाही. वर सांगितलेली भगिनी येथेच बुडाली. भावकीतल्या, शेजारच्या बायकांना नाही कसे म्हणायचे, म्हणून देत गेली.

यावर आमचे सांगणे असे. उधारीची एकूण मर्यादा आधीच ठरवावी, उदाहरणार्थ १० हजार रुपये. ती भरली की जुनी वसूल झाल्याशिवाय नवी नाही, मग मागणारी सख्खी जाऊ का असेना. घरातल्यांनीही गल्ल्यात हात घालू नये. खतासाठी गल्ल्यातून उचललेले पैसेही उधारीच आहे. ते वहीत लिहावेत आणि परत करावेत.

कागदपत्रे आणि कर्ज

राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे कामगार थोडेच असतील तर नोंदणीऐवजी ऑनलाइन सूचना दिली की पुरते. वर्षाची विक्री ४० लाख रुपयांच्या आत असेल आणि माल राज्यातच विकायचा असेल, तर छोट्या दुकानदाराला साधारणपणे जीएसटीची नोंदणी लागत नाही. मात्र नोंदणी नसताना गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घेता येत नाही. खरेदीवर भरलेला कर आपल्या घेतल्या भावातच धरावा. सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्याच्या नगावर ५ टक्के आणि त्यावरच्या नगावर १८ टक्के दर लागू झाला.

२०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेत ५० हजारांपर्यंत 'शिशू' आणि ५ लाखांपर्यंत 'किशोर' कर्ज तारणाशिवाय मिळू शकते. बचत गटातूनही रक्कम उभी राहते. पण कर्ज भगिनीच्या नावे असेल तर बँक खाते आणि निर्णयही तिच्याच हाती असावा. नाव एकीचे आणि व्यवहार दुसऱ्याचा, यात हप्ता थकतो आणि बोल तिला लागतो.

शेवटी

गौरी-गणपती, नवरात्र, दिवाळी, काळ्या कपड्यांची संक्रांत आणि लग्नसराई हे या धंद्याचे हंगाम. दुकान श्रावणाच्या तोंडावर उघडावे, म्हणजे पुढचे सहा महिने गिऱ्हाईक राहते. त्याआधी एक महिना आठवडी बाजारात किंवा घरच्या सोप्यात दहा-वीस हजारांचा माल मांडून विकून पाहावा. जमले तर गाळा घ्यावा, न जमले तर थोडक्यात शहाणपण आले म्हणावे. लागण करण्यापूर्वी आपण मातीची परीक्षा करतोच ना? तशीच ही.