रातांधळेपणा आणि ताटातील पालेभाजी

गाजर खाल्ले की चष्मा जातो, ही समजूत आपल्याकडे सुशिक्षितांच्या घरीही ठाण मांडून बसलेली आहे. आणि तिला बळ देण्याच्या कामी दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश सरकारचाही हातभार लागला, कारण काळोख्या रात्री शत्रूची विमाने पाडणाऱ्या जॉन कनिंगहॅम यांच्यासारख्या वैमानिकांचे यश विमानातील रडारयंत्राऐवजी गाजराच्या नावे जमा करणे त्या सरकारच्या सोयीचे होते. वस्तुतः चष्म्याचा नंबर हा नेत्रगोलाच्या लांबीचा व बुबुळाच्या वक्रतेचा प्रश्न असून कोणत्याही भाजीने तो उतरत नाही. परंतु तेवढ्यावरून आहाराचा दृष्टीशी संबंधच नाही असे मानणे अधिक घातक होय.

हा संबंध प्रत्ययास येतो तो सांजवेळी. नेत्रपटलातील ज्या पेशी मंद उजेडात काम करतात, त्यांच्यातील ऱ्होडॉप्सिन हे द्रव्य अ-जीवनसत्त्वापासून घडते, प्रकाश पडताच विघटित होते, आणि ते पुन्हा घडविण्यासाठी शरीराला यकृतातील साठ्यावर अवलंबून राहावे लागते. या व्यापाराचा उलगडा करणारे जॉर्ज वॉल्ड १९६७ च्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरले. साठा आटला की मूल दिवेलागणीला चाचपडते, उंबऱ्याला अडखळते, आणि घरची माणसे त्याला वेंधळे ठरवून मोकळी होतात. पुढे डोळ्याच्या पांढऱ्या भागावर साबणाच्या फेसासारखे ठिपके उमटतात, बुबुळ कोरडे पडते. ते मऊ होऊन फुटले, म्हणजे गेलेली दृष्टी औषधाने परत येत नाही.

ही आपत्ती केवळ दुष्काळी मुलखावर येते असेही नाही. लोण्यासाठी विख्यात अशा डेन्मार्कमधील लोणी परदेशी रवाना होत होते, गरिबांच्या मुलांच्या वाट्याला साय काढलेले दूध व मार्गरीन येत होते, आणि कोपनहेगनच्या डॉ. ब्लॉक यांच्याकडे कोरड्या डोळ्यांची बालके येत होती. पहिल्या महायुद्धात, १९१७ च्या अखेरीस, लोण्यावर रेशन बसून ते घरच्याच मुलांच्या मुखी लागले, तेव्हा कोठे ही रीघ ओसरली. आपल्या किनाऱ्यावरही दुसऱ्या महायुद्धात अ-जीवनसत्त्व पुरविणाऱ्या कॉड माशाच्या यकृताच्या तेलाची आयात खुंटली, तेव्हा मुंबई व मद्रास इलाख्यांत मुशीच्या यकृताचे तेल काढण्याची तजवीज करण्यात आली होती.

दूध, अंडी, कलेजी ज्यांना परवडत नाही वा चालत नाही, त्यांच्यासाठी शेवग्याचा पाला, माठ, अळू, चाकवत, तांबडा भोपळा, पिकली पपई व आंबा हा आधार आहे. मात्र यांत जीवनसत्त्व तयार नसते, त्याचे पूर्वद्रव्य कॅरोटीन असते, आणि ते स्निग्धाशिवाय आतड्यात नीट शोषले जात नाही. म्हणून पालेभाजीला दिलेली तेलाची फोडणी ही केवळ जिभेची चैन नव्हे. शेवग्याच्या शेंगा आवडीने खाऊन पाला गुरांपुढे टाकणाऱ्या आपल्या रिवाजाचे मला तरी नवल वाटते.

सरकारने १९७० पासून चालविलेल्या योजनेत नवव्या महिन्यात एक लाख एकक व पुढे पाच वर्षांचे होईपर्यंत दर सहा महिन्यांनी दोन लाख एकक एवढी मात्रा बालकांना फुकट पाजली जाते. ती चुकवू नये. परंतु हे जीवनसत्त्व अंगात साचून राहते व त्याचा अतिरेक, विशेषतः गर्भारपणी, अपायकारक असतो, तेव्हा त्याच्या गोळ्या आपल्या मनाने घेऊ नयेत. आणि आपले मूल सांजवेळी अडखळू लागले, तर त्याला रागे भरण्याआधी जवळच्या आरोग्य केंद्रात न्यावे.