मोगलीशी कोण बोलत होते?

गेल्या पावसाळ्यात एक आजी अडीच वर्षांच्या नातवाला घेऊन माझ्या कुडाळच्या दवाखान्यात आल्या. तक्रार सर्दीची होती. औषध घेऊन उठता उठता त्या म्हणाल्या, “डॉक्टरांनू, ह्यो अजून बोलणा नाय.” सोबतची सून मान खाली घालून उभी होती. मुलाचे डोळे हातातल्या मोबाईलवर खिळलेले होते.

इथे माझी चूक सांगितली पाहिजे. सहा महिन्यांपूर्वी याच आजींनी हाच प्रश्न विचारला होता आणि बाहेरच्या गर्दीकडे पाहत मी म्हणालो होतो, “मुलगे जरा उशिराच बोलतात, काळजी नको.” दोन वर्षांच्या मुलाने दोन शब्द जोडून बोलावे, ही साधी कसोटी मी त्या दिवशी लावली नाही.

मोबाईलवर लागले होते ‘जंगल बुक’. मी ते तत्काळ ओळखले. १९८९-९० मध्ये जपानच्या निप्पॉन ॲनिमेशनने किपलिंगच्या पुस्तकावरून ही ५२ भागांची मालिका केली. १९९३ मध्ये ती दूरदर्शनवर हिंदीत आली. शीर्षकगीत गुलजारांचे, शेरखानचा आवाज नाना पाटेकरांचा. मी तेव्हा वैद्यकीय शिक्षण घेत होतो. सुटीत घरी आलो की रविवारी सकाळी शेजारच्या ओटीवर दहा-पंधरा माणसांत बसून मीही ती पाहत असे. कोणी अँटेना फिरवी, कोणी मध्येच प्रश्न विचारी, आणि ऐन वेळी वीज गेली की पुढे काय झाले असेल यावर मालवणीत वाद रंगे. अर्धा तास पाहणे आणि आठवडाभर बोलणे, असा तो हिशेब होता.

या मुलाच्या वाट्याला तीच मालिका आली होती, पण एकट्याच्या. वडील नोकरीनिमित्त गोव्यात, आई दिवसभर कामात. घास भरवायचा तर मोबाईल हवाच. एक भाग संपला की पुढचा आपोआप सुरू. दिवसाकाठी चार-पाच तास सहज भरत.

लहान मूल भाषा नुसती ऐकून शिकत नाही. ते काहीतरी पुटपुटते, समोरचा थांबतो, हसतो, तोच शब्द नीट करून परत देतो. या देवाणघेवाणीतून भाषा येते. पडदा बोलत राहतो, पण मुलाच्या उत्तरासाठी थांबत नाही. खुद्द गोष्टीतला भालू पाहा. तो मोगलीला जंगलाची बोली शिकवतो तेव्हा त्याच्याकडून ती वदवून घेतो, चुकला की चापटही मारतो! किपलिंगचा जन्म १८६५ साली मुंबईतला. आया आणि नोकर त्याला दुपारी गोष्टी सांगत, गाणी म्हणत. आईवडिलांसमोर जाताना त्याला इंग्रजीत बोलण्याची आठवण करून द्यावी लागे, असे त्याने आत्मचरित्रात लिहिले आहे. ज्यांनी त्याच्याशी बोलावे, त्यांची भाषा त्याची झाली होती.

मात्र ‘मोबाईलमुळेच झाले’ असे म्हणून मोकळे होणेही घातक आहे. न बोलणाऱ्या मुलाची प्रथम श्रवणचाचणी झाली पाहिजे, म्हणून त्याला ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात पाठवले. श्रवण उत्तम निघाले. नाव घेतल्यावर वळून पाहतो का, नजरेला नजर देतो का, हवी ती वस्तू बोटाने दाखवतो का, हेही तपासले. या गोष्टी नसतील तर स्वमग्नतेची तपासणी लांबवू नये. हा मुलगा बोट दाखवत होता, पण ते पाहायला समोर कोणी नसे. वाचा-उपचार सुरू केले. सुनेला दोष देऊ नका, असे आजींना बजावून सांगितले.

भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला असा: दोन वर्षांपर्यंत पडदा नको, दोन ते पाच या वयात दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही मोठ्यांच्या सोबतीने. जेवताना तर मुळीच नको. पहिले चार दिवस मुलाने ताट भिरकावले, पाचव्या दिवशी पेज प्यायला.

मोगली मात्र मी बंद केला नाही. संध्याकाळी एकच भाग, टीव्हीवर, आजीच्या मांडीवर. मध्ये थांबवायचा आणि बोलायचे. आजी संकोचल्या. “माका हिंदी कळणा नाय. मी आपला मालवणीतच सांगतंय.” मी म्हटले, तेच हवे आहे.

चार महिन्यांनी तिघे पुन्हा आली. वाचा-उपचार चालूच होते; वयाच्या मानाने तो अजून मागे होता. मी आजींचा रक्तदाब पाहत असताना दवाखान्याचा पडदा वाऱ्याने हलला. मुलाने तिकडे बोट केले, आजीकडे पाहिले आणि म्हणाला, “वाग इलो.”

वय दोन वर्षे दहा महिने, शब्द दोन. केसपेपरवर मी ते मालवणीतच लिहिले.