स्वसंवादाची भाषा : ‘ढ’, ‘कीव’ आणि ‘करुणा’

वाक्यरचनेच्या अभ्यासाचा एक व्यावहारिक उपयोग या उपघटकात पाहावयाचा आहे. शिरूर आणि दौंड तालुक्यांतून संमंत्रण वर्गास येणाऱ्यांत कोणी रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीतील रात्रपाळी उरकून आलेला असतो, कोणी उसाला पाणी देऊन, तर कोणी मुलांना शाळेत सोडून. एखाद्या विषयात अनुत्तीर्ण झाल्यावर यांपैकी बहुतेकांच्या तोंडी एकच वाक्य येते : ‘सर, मी ढच आहे.’

ब्राह्मी लिपीतील बहुतेक अक्षरांची वळणे अशोककाळापासून पार पालटली. ‘ढ’ मात्र जवळजवळ मूळ वळणातच राहिला. म्हणून जो पुढे सरकत नाही तो ‘ढ’, अशी उपपत्ती सांगितली जाते. (तेवीस शतके टिकून राहिलेल्या अक्षराला हा न्याय मिळावा, हे मला नेहमीच थोडे अन्यायाचे वाटत आले आहे.)

‘मी ढ आहे’ या वाक्यात ‘ढ’ हे विधिविशेषण आहे. त्यात घटना नाही, कारण नाही, शेवटही नाही. याउलट ‘माझा व्याकरणाचा पेपर राहिला’ या वाक्याचा कर्ता ‘पेपर’ आहे, क्रियापद भूतकाळी आहे आणि ‘राहिला’ म्हणताच तो पुढे द्यावयाचा आहे, हे ओघाने येते. गुणपत्रिका दोन्ही वाक्यांमागे एकच. ‘मी हुशार आहे’ असे रोज घोकणे म्हणजे सकारात्मक विचार, हा समज म्हणूनच फसवा आहे. रचना तीच, केवळ विशेषण बदलले. पुढच्या कमी गुणांसरशी ते गळून पडते. कृतीचे मूल्यमापन करावे, व्यक्तीचे करू नये, हा अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ मानसोपचाराचा आग्रह कि. मो. फडके यांनी मराठी वाचकांपर्यंत पोहोचवला.

मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ यांनी २००३ मध्ये मांडलेल्या संकल्पनेस आपण ‘आत्मकरुणा’ म्हणू. स्वतःशी ममत्वाने वागणे, चुकणे हे सर्वांच्याच वाट्याला येते याचे भान आणि दुःखाकडे ते न फुगवता, न दडपता पाहणे, हे तिचे तीन घटक. ‘स्वतःची कीव करणे’ हा तिचा अनुवाद होऊ शकत नाही. कीव वरून खाली पाहते आणि माणसाला एकटे पाडते. करुणेत दुःख निवारण्याची इच्छा असते. दौंड तालुक्यातील केडगाव येथे पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळातील निराधार स्त्रियांना आश्रय दिला. ज्यांना समाज ‘पतित’ म्हणे, त्यांच्या निवासाला त्यांनी ‘कृपासदन’ हे नाव दिले. तेथे राहणारीला स्वतःचा पत्ता सांगताना तो जुना शब्द उच्चारावा लागत नसे. नाव ठेवणे आणि नाव देणे यांतील अंतर याहून स्पष्ट करणारे उदाहरण मला आपल्या परिसरात दुसरे आढळत नाही.

सुखाविषयीही थोडे. अमेरिकेच्या १७७६ च्या जाहीरनाम्यात सुखाच्या शोधाचा हक्क नोंदलेला आहे. मराठीत ‘सुखाचा पाठपुरावा’ म्हटले, तर तहसील कचेरीतील अर्ज आठवतो! आपण ‘मला आनंद झाला’ असे म्हणतो. अनुभवणारा चतुर्थीत, कर्ता ‘आनंद’. तो ओढून आणता येत नाही, हे या रचनेत गृहीत आहे. तो ‘होईल’ असे काम मात्र हाती घेता येते.

स्वाध्याय : गेल्या आठवड्यात स्वतःला उद्देशून मनात म्हटलेली पाच वाक्ये वहीत लिहा. प्रत्येकातील कर्ता, क्रियापद व काळ ओळखा. ज्यांत ‘मी’ला विधिविशेषण जोडले आहे, ती वाक्ये घटनावाचक करून पुन्हा लिहा.