साखरेविना गोड (७) : निकेलच्या हौदातलं सॅकरीन

आज चिनी सॅकरीनवरच्या काउंटरव्हेलिंग ड्युटीचा हिशेब मांडायचं कबूल केलं होतं. तो पुढच्या आठवड्यावर टाकतो. भोसरीच्या एका प्लेटिंगवाल्या वाचकांनी पत्रातून चांगलंच फैलावर घेतलंय. पानमसाला झाला, टूथपेस्ट झाली, पण आम्हीही ड्रमाने सॅकरीन घेतो, आमचं काय, असा त्यांचा सवाल. तक्रार रास्त आहे. शिवाय हा विषय माझ्या फार आवडीचा.

ऑलिव्हर वॅट्सने १९१६ साली निकेल सल्फेट, निकेल क्लोराइड आणि बोरिक ॲसिडचं द्रावण सुचवलं. निकेल प्लेटिंगची बरीचशी दुकानं आजही त्याच्याच जिवावर चालतात. पण नुसत्या त्या द्रावणातून बसणारा थर ताणलेला असतो. जाड झाला की तडकतो. लिटरमागे दोनेक ग्रॅम सोडियम सॅकरीन पडलं, की त्यातलं किंचित गंधक निकेलसोबत बसतं, कण बारीक होतात आणि ताण उतरतो. आरशासारखी चकाकी आणणारं ब्राइटनर वेगळं, पण सॅकरीनशिवाय त्याचा थर ठिसूळ होतो.

आता गंमत बघा. गेल्या वेळी ज्या ओटीएसवर, म्हणजे सॅकरीनमधल्या ऑर्थो टोल्युइन सल्फोनामाइड या अशुद्धीवर, टूथपेस्टवाल्यांचा खरेदी अधिकारी लॉट परत पाठवत होता, ते प्लेटिंगवाल्याच्या गावीही नसतं. त्याचंच भावंड असलेलं पॅरा टोल्युइन सल्फोनामाइड तर निकेलच्या हौदात मुद्दाम घालतात! प्लेटिंगवाल्याची धास्ती वेगळी : तांबं, जस्त, शिसं. हे धातू थोडे जरी हौदात उतरले, तरी जिथे करंट कमी पोचतो त्या खाचाखोचा काळवंडतात. म्हणून मालाचं सीओए, म्हणजे तपासणीचं प्रमाणपत्र, हातात आलं की त्याने ओटीएसची ओळ सोडून थेट जड धातूंच्या ओळीवर जावं.

कंटेनर मागवण्याइतका खप या धंद्यात नसतो. निवड होते ती मशीद बंदर-वडगादीच्या व्यापाऱ्याकडे, पंचवीस किलोच्या दोन ड्रमांमध्ये; एक चिनी, एक देशी. इथे बहुतेक जण किलोचा भाव विचारतात आणि फसतात. सोडियम सॅकरीनच्या स्फटिकात पाण्याचे दोन रेणू असतात, वजनाच्या जवळपास पंधरा टक्के. कोरड्या हवेत त्यातलं बरंच उडून जातं. पंधरा टक्के ओलाव्याच्या ड्रमात कोरडा माल सव्वाएकवीस किलो, पाच टक्क्यांच्या ड्रमात पावणेचोवीस. अडीच किलोंचा फरक! तेव्हा ‘लॉस ऑन ड्राइंग’चा आकडा मागून घ्या, भाव कोरड्या वजनावर काढा आणि मगच घासाघीस करा.

दुसरी गोष्ट ड्रमाच्या झाकणाची. सील नवं आणि लेबल व्यापाऱ्याचं असेल, तर माल पुन्हा भरलेला आहे. त्यात वाईट काही नाही, पण सीओएवरचा बॅच नंबर ड्रमावर सापडला पाहिजे. आयात मालात ही साखळी जास्त वेळा तुटते, कारण एकच लॉट तीन हातांतून फिरून येतो. देशी मालात उत्पादकाला फोन लावता येतो. सॅकरीन बनवणाऱ्या ब्लू जेटचे कारखाने शहाड, अंबरनाथ आणि महाडला आहेत. सकाळी निघून दुपारी गाठता येतील इतके जवळ. छोट्या दुकानदाराने चार पैसे जास्त मोजून देशी माल घ्यावा असं माझं मत आहे. हौद बिघडला तर तो साफ करायला जो दिवस जातो, त्यात वर्षभराची बचत वाहून जाते.

आणि नवा ड्रम उघडल्यावर त्यातलं सॅकरीन थेट हौदात ओतू नका. आधी हल सेल लावा. २६७ मिलीलिटरच्या त्या तिरक्या डबीत हौदातलं द्रावण आणि नवं सॅकरीन घेऊन पितळी पत्रा दहा मिनिटं धरा आणि बाहेर काढल्यावर कमी करंटचं टोक उजेडात निरखा. तिथे करडी झाक दिसली, तर हौदातला जुना मळ की नवा ड्रम हे ठरवायला जुन्या ड्रमातल्या सॅकरीनवर दुसरा पत्रा काढा. दोन्ही पत्रे सारखेच करडे निघाले, तर व्यापाऱ्याशी भांडू नका.