बाळाचं लिव्हर आणि पितळेचं पातेलं

माधवनगरहून एका आजोबांचं पत्र आलं आहे. सव्वा वर्षाच्या नातवाला तपासताना डॉक्टर म्हणाले, लिव्हर बोटभर हाताला लागतंय. यावर आयुर्वेदात खात्रीचं औषध कोणतं?

आजोबा, आधी धीराचं सांगतो. दोन-अडीच वर्षांपर्यंतच्या धडधाकट बाळाचंही यकृत उजव्या बरगडीखाली एक-दोन सेंटिमीटर लागतं. कड मऊ असेल, मूल खेळतं-खातं असेल, वजन वाढत असेल, तर बहुधा काळजीचं कारण नसतं. तरी शब्द बालरोगतज्ज्ञांचाच शेवटचा. पण तुमच्या पिढीला 'लिव्हर' या शब्दाचीच एवढी धास्ती का, ते मला ठाऊक आहे. त्यामागची खरी गोष्ट आपल्यापासून फार लांब नाही, पुण्यात घडली. औषधाचं नंतर बघू.

या गोष्टीतली मुलं सहा महिन्यांपासून तीन-चार वर्षांपर्यंतची. आधी किरकिर, बारीक ताप, मग पोट पुढे येतं. यकृताची कड बोटाला पात्यासारखी धारदार आणि टणक लागते. प्लीहा वाढते, पोटात पाणी होतं, कावीळ होते, आणि काही महिन्यांत मूल जातं. एकाच घरात दोन-दोन, तीन-तीन भावंडं गेल्याची उदाहरणं होती. वैद्यकीय पुस्तकांत याचं नाव 'इंडियन चाइल्डहुड सिऱ्हॉसिस'. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोलकात्याच्या डॉक्टरांनी त्याची नोंद केली. पुढची जवळजवळ शंभर वर्षं कुणी वंशाला दोष दिला, कुणी विषाणूला, कुणी शेंगदाण्यावरच्या बुरशीला. गंमत म्हणजे हा रोग खात्यापित्या, सोवळंओवळं पाळणाऱ्या घरांत जास्त दिसे. उपासमारीचे बहुतेक रोग बरोबर उलट्या घरांत जातात. मद्रासच्या जम्मींचं 'लिव्हर क्युअर' हे औषध याच भीतीवर प्रसिद्ध झालं.

पोटाच्या उजव्या अंगाला वाढणारं यकृत आयुर्वेदाला नवं नव्हतं. चरकाच्या चिकित्सास्थानातला तेरावा अध्याय उदररोगांचा. त्यात प्लीहा आधी गोट्यासारखी कठीण लागते आणि वाढत वाढत कासवाच्या आकाराची होते, असं वर्णन आहे. उजवीकडच्या यकृताचंही तसंच, असं म्हणून चरक पुढे जातो. रुग्णाच्या पोटावर हात ठेवल्याशिवाय असं लिहिता येत नाही. उपचारात रोजचं विरेचन, रोहितक, पिंपळी. पोटात पाणी झालं असेल तर मीठ आणि पाणी तोडायचं. मीठ तोडण्याचा सल्ला आजचा डॉक्टरही देतो. आणि आहार? दूध. पाणी काढल्यावर सहा महिने निव्वळ दुधावर. हे दूध लक्षात ठेवा.

आजचा वैद्य यकृतासाठी बहुधा आरोग्यवर्धिनीची गोळी देतो. ती रसरत्नसमुच्चय या रसशास्त्राच्या ग्रंथातली. तिच्यात जवळपास निम्मा वाटा कुटकीचा आणि कुटकीची चाचणी झालेली आहे: मुंबईच्या डॉ. अशोक वैद्य आणि सहकाऱ्यांनी विषाणूजन्य काविळीच्या रुग्णांना कुटकीचं चूर्ण आणि नकली औषध देऊन तुलना केली, आणि कुटकीच्या गटाचं बिलिरुबिन बरंच लवकर उतरलं (निष्कर्ष १९९६ साली छापले). रुग्ण मात्र सगळे मिळून पस्तिसाच्या आतच होते, म्हणून ढोल बडवायला नको. याच गोळीत ताम्रभस्मही असतं. तेच तांबं, जे पुढे पुण्यात त्या मुलांच्या मृत्यूमागे सापडलं. रसशास्त्राला हे माहीत नव्हतं असंही नाही. विषात एकच दोष, कच्च्या तांब्यात आठ, अशी या शास्त्राची जुनी समजूत: भ्रम, मूर्च्छा, दाह, उलटी वगैरे. भस्म पक्कं झालं का, हे पाहायला ते दह्यावर टाकतात. हिरवट-निळी छटा आली तर कच्चं. कल्हई गेलेल्या पातेल्यात ताक ठेवलं की कळकतं, हे आपल्या आज्यांना ठाऊक होतं. रसशाळेतली परीक्षा तीच, फक्त भांडं बदललेलं.

पण दूध आंबट नसतं, म्हणून ते कळकेल अशी शंका कुणाच्या मनात येत नसे. आणि दुधातलं केसिन हे प्रथिन तांब्याला घट्ट धरून ठेवतं. पितळेच्या पातेल्यात तापवलेलं आणि तिथंच ठेवलेलं दूध तांबं ओढून घेत राहतं. कल्हई असेल तर कथिलाचा थर ते अडवतो. कल्हईवाला भाता मारून भांडं तापवायचा, नवसागराची चिमूट टाकायचा, कथील फिरवून बोळ्यानं पुसायचा. भांडं चांदीसारखं उजळायचं. पण रोज घासल्या जाणाऱ्या पातेल्याची कल्हई काही महिन्यांत उडते. खेड्यात कल्हईवाल्याची फेरी लांबली की दूध उघड्या पितळेला टेकलंच.

लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयातल्या संशोधकांनी १९७८ साली या रोगातल्या यकृताचे तुकडे ऑरसीन रंगानं रंगवले, तेव्हा पेशींत तांब्याशी जोडलेली प्रथिनं खच्चून भरलेली दिसली. पुढच्या वर्षी यकृतातलं तांबं प्रत्यक्ष मोजलं गेलं. ते विल्सनच्या आजारासारखं (अंगात तांबं साठण्याचा आनुवंशिक रोग) प्रचंड होतं, पण रक्तातलं तांबं वाहणारं प्रथिन, सेरुलोप्लाझ्मिन, विल्सनसारखं उतरलेलं नव्हतं. मग तांबं आलं कुठून? याचं उत्तर शोधणाऱ्यांत इंग्रजी लेखांत ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ स्टुअर्ट टॅनर यांचं नाव ठळक येतं, आणि ते योग्यच आहे. पण पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे यांनी जे केलं, त्याला आपण मराठीतही पुरेसं श्रेय दिलेलं नाही. यंत्रांपेक्षा त्यांनी आयांना प्रश्न विचारले. बाळाला वरचं दूध कधीपासून? कुठल्या भांड्यात तापवता, कुठल्यात ठेवता? १९८३ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी टॅनर यांच्यासह मांडलं की आजारी मुलांना गायी-म्हशीचं दूध लवकर सुरू झालं होतं आणि ते पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यांतून जात होतं. अंगावर पिणाऱ्या बाळांवर हा रोग क्वचितच झडप घाली.

पण लहान बाळांनाच का? बाळ जन्मतःच यकृतात तांब्याचा साठा घेऊन येतं, आणि जादा तांबं बाहेर जायची वाट मुख्यतः पित्तातून. त्या वयात नळ मोठा आणि मोरी अरुंद.

तांबं खेचून बाहेर काढणारं पेनिसिलामाइन लवकर सुरू केलं तर काही मुलं वाचू लागली. त्याहून परिणामकारक उपाय फुकटचा होता: पुढच्या बाळाचं दूध पितळेच्या भांड्यात नको. तोवर स्टील आणि अ‍ॅल्युमिनियम घराघरांत शिरलं होतंच. म्हणून या शोधाचं सगळं श्रेय रुग्णालयाला की भांड्यांच्या दुकानाला, हा प्रश्न मला अजून छळतो.

निव्वळ तांब्यानं हे होतं का, अशी शंका घेणाऱ्यांचं म्हणणंही ऐका. अमेरिकेच्या मॅसेच्युसेट्स राज्यातल्या तीन गावांत पाण्यात लिटरला ८ मिलिग्रॅमहून जास्त तांबं होतं (जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा २ मिलिग्रॅम), तरी तिथं यकृताच्या अशा आजारानं लहान मुलं दगावल्याचं आढळलं नाही. उलट ऑस्ट्रियातल्या पश्चिम टिरोलमध्ये १९०० ते १९७४ या काळात तब्बल १३८ बाळं अशाच रोगानं गेली. तिथंही तांब्याच्या भांड्यात उकळलेलं गायीचं दूध आणि पीठ दिलं जायचं, पण रोग ठरावीक कुटुंबांतच आढळला. म्हणजे भांडं लागतं आणि अंगातलं काहीतरी कमकुवतही लागतं.

आजोबा, औषधाच्या प्रश्नाचं उत्तर असं, की लिव्हर वाढणं ही खूण आहे, रोग नव्हे. कारण कळल्याशिवाय वैद्य असो की डॉक्टर, दोघांचीही गोळी आंधळीच. मोठ्यांत आज बहुतेकदा कारण चरबीचं असतं, आणि वजन सात ते दहा टक्क्यांनी उतरलं तर यकृतही निवळतं. 'वनस्पती आहे, अपाय काय होणार' हे मात्र म्हणू नका. २०२० साली करोनाच्या धास्तीनं गुळवेल पिणाऱ्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईतल्या डॉ. आभा नगराल आणि सहकाऱ्यांनी नोंदवलं. आयुष मंत्रालयानं त्यावर वाद घातला, वनस्पतीची ओळख चुकली असेल असंही म्हटलं. सव्वा वर्षाच्या बाळाला ताम्रभस्माची गोळी तर मनानं मुळीच देऊ नका.

राहिला तो कमकुवतपणाचा प्रश्न. असं एखादं जनुक आपल्या कुटुंबांत असेल, तर ते आजवर कुणाला सापडलेलं नाही. १९९० नंतर हा रोग इतका दुर्मीळ झाला की जनुक शोधायला पुरेशी मुलंच उरली नाहीत. संशोधकांच्या दृष्टीनं अडचण, आयांच्या दृष्टीनं नाही.