एक मार्गिका, पाच पोहणारे

गेल्या उन्हाळ्यात अडुसष्ट वर्षांच्या एक निवृत्त शिक्षिका माझ्या दवाखान्यात आल्या. उजव्या दंडावर कोपरापासून वरपर्यंत काळानिळा डाग पसरला होता. सोबत सून होती आणि तिचा निर्णय झालेला होता. "डॉक्टर, आता आईंचं पोहणं बंद." बाई काहीच बोलल्या नाहीत. गुडघ्यांच्या झिजेमुळे त्यांना चालणे जड जाऊ लागले, तेव्हा मीच त्यांना ज्येष्ठांच्या सकाळच्या पोहण्याच्या वर्गाला जाण्यास सुचवले होते. पाण्यात शरीराचा भार हलका होतो आणि सांध्यांना त्रास न होता व्यायाम घडतो. दोन वर्षांत त्यांना पाण्याची गोडी लागली होती.

घडले ते अगदी साधे. पोहण्याच्या चष्म्यात पाणी शिरले, म्हणून त्या मार्गिकेच्या मधोमध उभ्या राहिल्या. मागून एक गृहस्थ उताणे पोहत येत होते. त्यांना पुढचे दिसणे शक्यच नव्हते. त्यांचा हात बाईंच्या दंडावर आदळला. हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठी बाई रक्त पातळ ठेवणारी गोळी घेतात, त्यामुळे किरकोळ मारही मोठा दिसला. हाड शाबूत होते. दोष पाण्याचा नव्हता, वयाचाही नव्हता. मार्गिकेत वावरण्याची रीत त्यांना कोणी सांगितली नव्हती. पोहा म्हणणाऱ्या मलाही ती सांगण्याचे सुचले नव्हते. राहून गेलेला तो सल्ला आज येथे देत आहे.

पाण्यातील रस्ता

स्पर्धांच्या तलावात एक मार्गिका, म्हणजे लेन, साधारण अडीच मीटर रुंद असते. दोघेच असतील तर एकेक बाजू वाटून घेता येते. तिघे किंवा अधिक असतील तर जाताना एका कडेने आणि परतताना दुसऱ्या कडेने, असे चक्राकार पोहायचे असते. तळाशी आखलेली गडद रेघ हा या रस्त्याचा दुभाजक समजावा. डावीकडून जायचे की उजवीकडून, हे सर्वत्र सारखे नसते. ऑस्ट्रेलियात सहसा डावी बाजू धरतात, तर अमेरिकेत उजवी. मुलांकडे परदेशी गेलेल्या ज्येष्ठांनी आणि येथे नव्या तलावावर जाणाऱ्यांनीही उतरण्यापूर्वी हे विचारून घ्यावे.

मार्गिका निवडताना आपला वेग प्रामाणिकपणे ओळखावा. संथ मार्गिकेत कमीपणा नाही. पाण्यात उडी न मारता शिडीने उतरावे, आधीचे पोहणारे पुढे जाऊ द्यावेत आणि मगच निघावे. पुढच्याच्या मागे पाच ते दहा सेकंदांचे अंतर ठेवावे. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये पाय दोन्ही बाजूंना फाकतात, तेव्हा अंतर अधिक हवे.

थांबायचे ते भिंतीपाशी, तेही कोपऱ्यात. मधली जागा वळणाऱ्यांसाठी मोकळी ठेवावी. वाटेतच थांबावे लागले तर बाजूच्या मण्यांच्या दोरीला बिलगावे. चष्मा तेथे पुसावा, मध्यभागी नाही.

मागच्याने तळपायाला हलका स्पर्श केला तर त्याचा अर्थ 'मला पुढे जायचे आहे' एवढाच असतो. तो अपमान मानू नये, आणि घाबरून जागीच थांबूही नये. पुढच्या भिंतीपर्यंत जाऊन कोपऱ्यात सरकावे व त्याला वाट द्यावी. ज्यांना असा स्पर्श रुचत नाही त्यांनी ते आरंभीच सांगावे. उताणे पोहणाऱ्यांसाठी भिंतीच्या पाच मीटर अलीकडे डोक्यावर पताका बांधलेल्या असतात. तेथून भिंतीपर्यंत आपले किती हात होतात, हे एकदा मोजून ठेवावे.

प्रकृतीची पथ्ये

श्रवणयंत्र आणि नेहमीचा चष्मा काठावर राहतो. त्यामुळे शिट्टी ऐकू येत नाही आणि फलक वाचता येत नाही. प्रशिक्षकांना हे आधी सांगून हाताची खूण ठरवून घ्यावी. इन्सुलिन किंवा साखर बरीच कमी करू शकणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी पोहू नये आणि काठावर ग्लुकोजची पुडी ठेवावी. श्वास रोखून धरण्याच्या पैजा कोणत्याही वयात घातक आहेत.

पाण्याचा दाब पायांतील रक्त हृदयाकडे ढकलत असतो. बाहेर येताच तो आधार नाहीसा होतो, रक्त पायांत उतरते आणि भोवळ येते. रक्तदाबाच्या व प्रोस्टेटच्या काही गोळ्यांमुळे हा धोका वाढतो. मागच्याला वाट द्यायची म्हणून शिडी घाईने चढू नये. कठडा धरून सावकाश यावे आणि दोन मिनिटे बसावे.

माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हा, की छातीत दडपण, धाप किंवा चक्कर जाणवली तर शिष्टाचार बाजूला ठेवावा. आपल्यामुळे इतरांचा खोळंबा होईल या संकोचाने ज्येष्ठ मंडळी फेरी पूर्ण करू पाहतात. तसे करू नये. जेथे असाल तेथे दोरी धरा आणि हात उंच करा. बाकीचे थांबतील, आणि त्यांनी थांबलेच पाहिजे. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांच्या डोक्याला मार लागला, तर बरे वाटत असले तरी विलंब न लावता रुग्णालयात दाखवावे.

घरच्यांसाठी

औषधांची नावे आणि आपला दूरध्वनी क्रमांक लिहिलेला कागद प्रशिक्षकांकडे द्या. ओल्या फरशीवर न घसरणाऱ्या चपला घेऊन द्या. पहिले काही दिवस काठावर बसून पाहा. भीती दाखवून पोहणे बंद करण्यापेक्षा याचा उपयोग अधिक होतो.

त्या दिवशी मी सुनेला एवढेच म्हणालो, "बंद करू नका. एकदा सोबत जाऊन बघा." डाग ओसरल्यावर दोघी तलावावर गेल्या. बाई आता संथ मार्गिकेत पोहतात. नवे कोणी आले की उतरण्यापूर्वीच त्यांना काठावर थांबवून विचारतात, "कोणत्या बाजूने जायचं, ठाऊक आहे ना?"