पुळणीवरचा महामार्ग

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्याच्या आग्नेय किनाऱ्यालगत असलेले गारी हे सुमारे १२० किलोमीटर लांबीचे बेट जगातील सर्वांत मोठे वाळूचे बेट मानले जाते. १९९२ मध्ये त्याचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला आणि २०२३ मध्ये ‘फ्रेझर बेट’ हे वसाहतकालीन नाव मागे पडून बुचुल्ला या मूळ रहिवाशांचे ‘गारी’ हे नाव अधिकृतपणे पुन्हा स्वीकारले गेले. बेटाच्या पूर्व अंगाला ‘सेव्हंटी फाइव्ह माइल बीच’ ही लांबच लांब पुळण आहे आणि कायद्याने तिला रस्त्याचा दर्जा असल्यामुळे ताशी ८० किलोमीटरची कमाल वेगमर्यादा, सीटबेल्ट, परवाना आणि पोलिसांची तपासणी हे सारे तेथे लागू होते. तंबू घेऊन गाडीने निघालेल्या जोडप्यासाठी ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर याहून रम्य रस्ता क्वचितच सापडेल. मात्र तो समुद्राच्या सवडीने उघडतो आणि मिटतो, त्यामुळे या प्रवासातले खरे कौशल्य गाडी हाकण्यात नसून वेळ ओळखण्यात आहे.

भरतीचे पाणी चढत वाळूच्या टेकड्यांच्या पायथ्याला भिडते आणि गाडी जाण्याजोगी ओली, घट्ट पट्टी नाहीशी होते. म्हणून भरतीच्या पूर्ण वेळेआधीचे दोन तास व नंतरचे दोन तास गाडी पुळणीवर आणू नये, असा तेथील सर्वमान्य दंडक आहे. भरती दिवसातून दोनदा येते आणि रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, शिवाय अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी अधिक वर चढते. त्यामुळे आदल्या दिवशी साधलेली वेळ दुसऱ्या दिवशी तशीच कामी येत नाही. आदल्या रात्री दोघांपैकी एकाने भरतीचा तक्ता वाचावा आणि दुसऱ्याने ओहोटीच्या वेळेपासून उलटे मोजत तंबूच्या जागेचे अंतर, इन्स्किप पॉइंटवरून बेटाकडे सुटणारी बार्ज (गाड्या वाहून नेणारी सपाट नौका) आणि ब्रिस्बेनपासून तेथवर लागणारे तीनेक तास यांचा मेळ घालावा, ही पद्धत उत्तम ठरते, कारण एकाने केलेले गणित दुसऱ्याकडून आपोआप तपासले जाते.

बार्जवर चढण्यापूर्वीच टायरमधील हवा कमी करावी लागते. डांबरी रस्त्यावर ३५ पीएसआयच्या आसपास असणारा दाब (पीएसआय म्हणजे एका चौरस इंचावर पडणाऱ्या पौंडांचे माप) मऊ वाळूसाठी २० किंवा त्याच्याही थोडा खाली आणतात. हवा निघाली की टायर जमिनीवर पसरतो, त्याचा टेकणारा भाग लांबट होतो आणि गाडीचे वजन अधिक क्षेत्रावर विभागले गेल्याने चाक वाळूत रुतण्याऐवजी तिच्यावरून चालते. काम दिसायला अगदी साधे आहे: एकाने व्हॉल्वची पिन दाबून धरायची, मधूनमधून थांबून दुसऱ्याने गेज लावून आकडा सांगायचा आणि चारही चाके सारख्या दाबाला आणायची. मात्र हवा कमी असताना वेगात वळण घेतले तर टायर रिमवरून निसटू शकतो, म्हणून वळणे रुंद घ्यावी लागतात. थांबतानाही ब्रेक दाबून चालत नाही, कारण चाकापुढे वाळूचा बांध साचतो आणि पुढच्या वेळी तोच गाडीला अडवतो. गाडीला आपल्या गतीने मंदावू द्यावे आणि शक्य तर उतारावर, घट्ट वाळूवर उभे करावे. इन्स्किपच्या कोरड्या, मऊ वाळूत आधीच्या गाड्यांनी पाडलेल्या चाकोरीतून जाणे बहुधा सोयीचे असते, आणि चाके जागीच फिरू लागली की ॲक्सिलरेटर सोडून फावडे हाती घेणे हाच शहाणपणा होय.

ओल्या पुळणीवर गाडी सहज धावू लागते आणि नेमक्या अशाच वेळी शेजारी बसलेल्याच्या डोळ्यांची गरज वाढते. बेटाच्या पोटातून झिरपणारे गोडे पाणी ओढ्यांच्या रूपाने पुळण कापत समुद्राला मिळते. एकटा ईलाय क्रीक ताशी ४० लाख लिटरपर्यंत पाणी वाहून नेतो. अशा ओढ्यांनी पाडलेल्या उभ्या कडा दुरून सपाट दिसतात आणि वेगात असलेल्या गाडीला त्या जबर धक्का देतात. याखेरीज पुळणीवर लहान विमानेही उतरतात, तेव्हा गाड्यांनी त्यांना वाट द्यायची असते. वाटेत १९३५ च्या वादळात किनाऱ्याला लागलेल्या ‘महेनो’ या जहाजाचा गंजलेला सांगाडा लागतो. पहिल्या महायुद्धात रुग्णनौका म्हणून वापरले गेलेले हे जहाज भंगारात काढण्यासाठी जपानकडे ओढून नेले जात होते.

तंबूसाठी परवाना आधीच काढावा लागतो आणि पुळणीलगतच्या ठरवून दिलेल्या पट्ट्यांतच, पहिल्या टेकडीच्या आड, पूर्वी वापरलेल्या मोकळ्या जागी तंबू उभारायचा असतो, कारण टेकडीवरची झुडपे चिरडली गेली की वाळू उडू लागते. तेथे सावलीला सुरूची झाडे आढळतात. कोकणच्या किनाऱ्यावर लावलेली सुरूची बने याच जातीची असल्याने मराठी माणसाला त्यांची सळसळ ओळखीची वाटावी. साध्या खुंट्या वाळूत तग धरत नाहीत. त्यासाठी रुंद पात्याच्या लांब खुंट्या वापरतात, किंवा पिशवीत वाळू भरून, तिला तणावा बांधून ती आडवी पुरतात. आग्नेयेकडून येणारा वारा अडवण्यासाठी गाडी त्या बाजूला उभी करून तंबूचे तोंड विरुद्ध दिशेला ठेवतात. एकाने कापड धरायचे आणि दुसऱ्याने वाऱ्याकडची खुंटी आधी रोवायची, हा क्रम उलटला तर कापड हातात राहत नाही.

रात्रीची शिस्त मुख्यतः डिंगो या रानकुत्र्यांमुळे पाळावी लागते. अन्नाचा वास त्यांना तंबूपर्यंत आणतो आणि माणसाकडून खाणे मिळू लागले की त्यांची भीती चेपते. २००१ मध्ये बेटावरच्या वॉडी पॉइंटजवळ त्यांच्या हल्ल्यात नऊ वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला. म्हणून खाद्यपदार्थ, कचरा, साबण आणि टूथपेस्टसुद्धा कुलूपबंद गाडीत ठेवतात, आणि पुळणीवर एकट्याने फिरायचे टाळून दोघांनी एकमेकांच्या जवळ राहायचे, हाती काठी घ्यायची. डिंगोला खाऊ घालणे गुन्हा आहे आणि त्यासाठी मोठा दंड होतो. हा नियम केवळ पाहुण्यांच्या रक्षणासाठी नाही. माणसाला सरावून धीट झालेला डिंगो शेवटी मारला जातो, हे लक्षात घेतले तर उष्टे झाकून ठेवण्याचे काम आपोआप गंभीरपणे केले जाते.

परतताना बार्जवरून उतरल्यावर प्रथम कॉम्प्रेसर लावून टायरमध्ये हवा भरतात, कारण कमी हवेच्या टायरवर डांबरी रस्त्यावर वेग घेतला तर तो तापून फुटू शकतो. त्यानंतर गाडीचा तळ गोड्या पाण्याने धुतात, कारण खारट वाळू आत राहिली तर गंज चढायला वेळ लागत नाही.